बोळातली घरघर

रस्त्यावर गुडघा टेकून तिनं त्या भोकात करंगळी घातली. आत माती असायला हवी होती, डांबराचा चुरा असायला हवा होता. करंगळी मात्र गुळगुळीत आत गेली, आट्यांवरून फिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला ग्रीस होतं. पिवळसर, ताजं.

"आत्याआजी, काय आहे आत?" भिंगरीनं विचारलं. ती आपली सायकल धरून मागे उभी होती, एका पायावर, दुसरा पाय पेडलवर गोल फिरवत. पोर एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत.

"काही नाही."

"मग बोट कशाला घातलंस?"

"काही नाही ना, हे बघायला."

भिंगरीला हे पटलं. ती पुन्हा पेडल फिरवू लागली.

आत्याआजी तशीच गुडघा टेकून राहिली. सायकलचा पट्टा रस्त्याच्या कडेनं सरळ शाळेपर्यंत गेला होता आणि त्याला मोटारींपासून वेगळं करणारे ते नारंगी रबरी खांब, कंबरेएवढे, एका रांगेत उभे होते. बसथांब्याजवळचा एक मागच्या महिन्यात कुणीतरी खरोखर उडवला होता. तिथे त्याचं फाटलेलं बूड अजून डांबराला चिकटून होतं, दात तुटला की खुंट राहावा तसं. इथे खुंट नव्हता. इथे शेजारशेजारचे दोन दात कुणीतरी नीट, हात न थरथरता उपटले होते. आणि दोन्ही बरोबर बोळाच्या तोंडासमोरचे.

बोळ तिच्या भावाच्या दुकानाला लागून होता. दोन उंच भिंती, मध्ये एक मोटार जेमतेम मावेल एवढी जागा आणि टोकाला गोदामाचं शटर. पुढे वाट नाही. या वेळी बोळ रिकामा होता. जमिनीवर तेलाचे डाग होते, आणि दोन्ही भिंतींवर छातीच्या उंचीला एक लांब खरवडलेली रेघ.

"भिंगरे, आजोबांचा जनरेटर कुठे ठेवतात गं? गोदामात?"

"कसला जनरेटर?"

"सकाळी आपण जातो तेव्हा बोळात घरघरतो तो."

भिंगरी हसली. "आत्याआजी, आजोबांकडे जनरेटर नाहीचे. तो ट्रक असतो. रोजचा."

करंगळीवरचं ग्रीस तिनं रुमालाला पुसलं नाही. मूठ मिटली आणि दुकानाची पायरी चढली.

रोज सकाळी ती डझनभर मुलांना सायकलवरून शाळेत नेत असे. ती त्याच शाळेच्या वाचनालयात कामाला होती, त्यामुळे मुलं तिला काकू म्हणत आणि आयाबाया निर्धास्त असत. सगळ्यांत पुढे ती, मग लहान मुलं, मग मोठी, आणि शेवटी भिंगरी, कारण ती सगळ्यांत थोरली आणि सायकलवर पक्की. नियम एकच होता, मागे बघायचं नाही. पुढच्यानं मान वळवली की हँडल वळतं, हँडल वळलं की मागचा बिचकतो, आणि ते बिचकणं शेपटापर्यंत जातं. त्याऐवजी घंटी. प्रत्येक वळण ओलांडलं की ती आपली घंटी वाजवी. मग एकामागून एक साऱ्यांच्या घंट्या वाजत मागे जात, चिवचिवाट झाडाच्या फांदीवरून सरकावा तशा, आणि शेवटी भिंगरीची. ती जुनी, जड, पितळी. अंगठा दाबला की आधी घोगरं किर्र आणि मग लांबलचक टिंग. ती ऐकली की काकू पुढचं पेडल मारत. सगळे आहेत.

मुलं शाळेच्या फाटकातून आत गेली की मगच ती पाण्याचा घोट घेई. कुणी सांगितलं नव्हतं. तिचा तिचा नेम होता.

दादा गल्ल्यामागे बसून लोखंडी वाटीनं खिळे मापत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"आल्या! सायकलींच्या सेनापती आल्या! काय छोटे, आज कुणाला शिक्षा?"

"भिंगरे, वर जा. आजीकडून पाणी पिऊन ये."

"मला नाही तहान."

"मग आजीला पाज."

भिंगरी जिना चढून गेली. तिनं मूठ उघडली आणि करंगळी त्याच्यासमोर धरली. दादानं बोटाकडे बघितलं. मग गल्ल्याखालची चिंधी काढली, तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलाचा पुसावा तसा पुसला.

"हात घाण करून घ्यायची खोड गेली नाही तुझी."

"दोन खांब नाहीत, दादा. बोळासमोरचे."

"उडवले असतील कुणी. रस्ता आहे तो, फुलदाणी नाही."

"उडवलेल्या खांबाला कुणी ग्रीस लावून ठेवत नाही. परत बसवायचा असला तरच लावतात."

दुकानात कुणी नव्हतं. दादानं तरीही एकदा दाराकडे बघितलं.

"आहेत," तो म्हणाला. "आत आहेत दोन्ही. पुसून ठेवलेत. फेकले नाहीत मी. पट्टा मलाही हवाच होता. पोस्टमन याच रस्त्यावर मोटारीखाली गेला त्या दिवशी ताडपत्री कुणी टाकली त्याच्या अंगावर? मीच ना? खांबांचे बोल्ट कुणी दिले? मीच दिले."

"म्हणून काढताही तुलाच आले."

"अगं ऐक तर. ट्रक बोळात शिरतो पहाटे, तोंड पुढे करून. माल उतरला की बाहेर पडणार तो उलटाच. खांबांच्या फटीतून मोटारसायकल निघेल, ट्रक नाही निघत. मग पलीकडच्या रस्त्यावर थांबवा आणि तिथून पोती वाहा. कोण वाहणार? मी? या गुडघ्यांनी? महिनाअखेर पट्ट्याबद्दल बैठक आहे. नाहीतरी प्रयोग म्हणूनच लावलेत ते. बैठकीत निघाले तर निघाले, राहिले तर बघू. तोवर गुपचूप काम चाललंय, कुणाला त्रास नाही."

"आणि आम्ही जातो तेव्हा?"

"तेव्हा तो हलत नाही."

"कोण सांगतं त्याला?"

दादानं आपल्या कानावर बोट ठेवलं. आपण फार शहाणपणाचं काहीतरी करतो आहोत, आणि ते सांगायची संधी आज मिळाली, असा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता.

"बोळ ट्रकनं भरतो. मागचं ना मला दिसत, ना ड्रायव्हरला. मी पुढे, केबिनपाशी उभा असतो, कान लावून. पहिली तुझी घंटी. मग ती चिल्लीपिल्ली. आणि शेवटी आपली. माझ्या सायकलची घंटी ती, लाखात ओळखेन. ती वाजली म्हणजे रांग गेली. मग मी केबिनवर मारतो दोन थापा. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. तुमची घंटी झाल्याशिवाय तो बोटभर हलत नाही. आईची शपथ. तुला तुझ्या घंट्यांवर विश्वास आहे ना? मग मलाही आहे."

रोजची ती घरघर तिला आठवली. उन्हाळ्यात, थंडीत, मुलं गाणी म्हणत असताना, भांडत असताना. इतके दिवस ती तिच्या डाव्या हाताला होती, भिंतींच्या आत, इंजिन चालू ठेवून वाट बघत.

"मला वाटायचं, जनरेटर आहे," ती म्हणाली.

दादा खो खो हसला. "जनरेटर! अगं, दिवे गेले की मी मेणबत्ती लावणारा माणूस!"

"मागे येऊन उभा का राहत नाहीस? रस्त्यावर ये, बघ, मग हात कर."

"म्हणजे साऱ्या बाजारानं विचारावं, हा इथे कशाला उभा आणि खांब कुठे गेले? व्यापारी संघाचा चिटणीस आहे मी. आणि तिथून हाक मारली तर त्या आवाजात ड्रायव्हरला काय कप्पाळ ऐकू जाणार."

"दादा, मागच्या आठवड्यात भिंगरी तापानं पडली होती."

"हो ना. कसलं अंग भाजत होतं पोरीचं."

"रांग रोज गेली."

त्याची वाटी खिळ्यांत रुतली होती, ती तशीच राहिली.

"शेवटची घंटी नव्हती तेव्हा," ती म्हणाली. "तेव्हा थापा कशावरून मारल्यास?"

वरच्या मजल्यावर भिंगरी धावली. छतातून तिची पावलं या टोकाकडून त्या टोकाला गेली. दोघांनीही वर बघितलं.

"अंदाजानं," दादा म्हणाला.

त्यानं वाटी उचलली. खिळे परत डब्यात ओतले आणि पुन्हा मापायला घेतले.

"अगं, माझी नात आहे त्या रांगेत. माझी. मला काय कळत नाही? तुला सायकल कुणी शिकवली? मागे बघू नकोस, धरलंय मी, म्हणत पार नदीपर्यंत धावत यायचो तुझ्यामागे. पडलीस कधी?"

"नाही पडले."

"मग?"

"पण तू धरलेलं नसायचं, दादा. मी एकदा मागे बघितलं होतं. तू लांब झाडाखाली उभा होतास, विडी ओढत."

दादा हसला, पण या वेळी आवाज न करता. "धरलंय असं वाटलं म्हणूनच तर आलं तुला."

भिंगरी खाली आली. "आजीला पाजलं पाणी," ती म्हणाली.

पट्ट्याचं काम बघणाऱ्या साहेबांना तिनं संध्याकाळी फोन लावला. दादाचं नाव न घेता विचारलं, बोळासमोरचे खांब परत बसवता येतील का. साहेब सज्जन होते. म्हणाले, बाई, लेखी द्या, मी लगेच चौकशी लावतो. मात्र चौकशी होईपर्यंत तेवढा रस्ता बंद ठेवावा लागेल, आणि बैठकीच्या तोंडावर पट्टा धोक्याचा आहे अशी नोंद झाली तर मग पट्टा राहील असं मी सांगू शकत नाही. दुकानदार टपूनच बसलेत. देऊ का कुणाला पाठवून?

"नको," ती म्हणाली. "मी बघते."

फोन ठेवल्यावर तिला आपल्याच शब्दाचं हसू आलं. मी बघते. जी कधी मागे बघत नाही, ती.

रांग बंद ठेवावी तर मुलं एकेकटी जाणार, त्याच भोकांसमोरून, आणि एकट्या मुलाची घंटी कुणी मोजत नाही. पट्टा सोडून रस्त्यावरून न्यावीत, तर पोस्टमन रस्त्यावरच गेला होता. पालकांना सांगावं तर रात्रीत साऱ्या गावाला कळणार आणि उद्या दादाच्या दुकानासमोर माणसं उभी राहणार. त्यानं तिला शिकवलं होतं, तिच्या लग्नात दारामागे जाऊन रडला होता, तिचा नवरा गेल्यावर महिनाभर रोज संध्याकाळी येऊन नुसता बसून राहिला होता. शब्दाचा पक्का माणूस. आईची शपथ म्हणाला म्हणजे घंटीशिवाय ट्रक खरंच हलणार नाही. प्रश्न त्याच्या शब्दाचा नव्हता. प्रश्न घंटीचा होता.

ती रोजच्यासारखी डोळे मिटून बसली. नामाच्या ठिकाणी तिला फक्त घरघर ऐकू येत राहिली. मग हळूहळू तीही शांत झाली आणि एकच गोष्ट उरली. खांब नाहीत तिथे कुणीतरी उभं राहायला हवं.

सकाळी मुलं मैदानाच्या कोपऱ्यावर जमली, तेव्हा तिनं पिशवीतून छोटा पाना काढला आणि भिंगरीच्या हँडलची घंटी सोडवायला घेतली.

"आत्याआजी! माझी घंटी!"

"आजचा दिवस माझ्याकडे राहू दे."

"का पण? मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस, बाळ."

भिंगरीचा खालचा ओठ पुढे आला. घंटी निघाली तशी त्या जागी हँडलवर एक चकचकीत पांढरं कडं उमटलेलं दिसलं. तिनं घंटी रुमालात गुंडाळली आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत पुस्तकांच्या मध्ये ठेवली. मग मुलांना म्हणाली, "आज बाजाराचं वळण येईपर्यंत मौन. कुणीही घंटी वाजवायची नाही. बोलायचं नाही. वळण झालं की मग काय वाजवायचं ते वाजवा."

"मौन म्हणजे?" सर्वांत धाकट्यानं विचारलं.

"म्हणजे काकू आज ओरडणार नाहीत," शिंपीणबाईंची मुलगी म्हणाली. ती नेहमी काकूंच्या मागे दुसरी असे.

"शिंक आली तर?"

"बिनआवाजाची काढ."

मुलं खिदळली. तिनं शिंपीणबाईंच्या मुलीला बाजूला घेतलं. "दादाच्या दुकानापाशी मी थांबेन. तू थांबायचं नाहीस. माझ्याकडे बघायचं नाहीस. तशीच सरळ पुढे न्यायचीस सगळ्यांना. जमेल?"

मुलीनं मान हलवली, आणि मग, मौन अजून सुरू झालं नसतानाही, तोंडावर बोट ठेवलं.

रांग निघाली. बोलणं नाही, घंट्या नाहीत, म्हणून एरवी न ऐकू येणारं सगळं ऐकू येत होतं. साखळ्यांची किरकिर, कुणाच्या तरी मडगार्डचा खडखडाट, कुणाचा तरी श्वास. दुकानांची शटरं अर्धी उघडली होती. फळवाल्यानं हात वर केला आणि कुणीच ओरडून उत्तर दिलं नाही म्हणून तो तसाच बघत राहिला. पोस्टमन पडला होता त्या जागेवरून त्यांची चाकं गेली. तिथे काहीच खूण नव्हती.

घरघर आधी पोटात जाणवली, मग कानात. इतके दिवस तिनं तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आज त्या आवाजात तिला धातूची सैल पट्टी वाजताना ऐकू आली, पाणी उकळल्यासारखी एक खदखदही. ती बोळाच्या तोंडाशी आली आणि पट्ट्यातून डावीकडे बाहेर पडली.

ट्रकचं मागचं तोंड बोळातून किंचित बाहेर आलेलं होतं. मागचा फाळका तिच्या डोक्याहून उंच, दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत वीतभर जागा. ती उतरली आणि तिनं सायकल आडवी घातली, फाळका आणि पट्टा यांच्यामध्ये, बरोबर त्या दोन भोकांच्या सरळ रेषेत. पाठ मुलांकडे. तोंड ट्रककडे. फाळक्यावर कधीकाळी रंगवलेलं फूल होतं. त्याच्या पाकळ्या थरथरत होत्या.

तिच्या पाठीमागून पहिली सायकल गेली. शिंपीणबाईंची मुलगी. नंतर धाकटा, त्याच्या चाकाची किणकिण तिला ओळखू आली. मग तिसरी, चौथी. कुणी थांबलं नाही. तिनं डोळे मिटले नाहीत, पण ओठ हलत होते.

दादा आत उभा असेल, तिनं विचार केला. कान लावून. आज पहिली घंटीच आली नाही. त्याला वाटेल, उशीर झाला. मग वाटेल, आज सुट्टी आहे का. मग त्याला भिंगरी आठवेल. मग तो भिंतीला घासत मागे येईल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. एवढंच तिला हवं होतं. एकदा येऊन बघ.

सायकल थोडी घसरली. तिनं ती सावरायला हँडल उचललं. पिशवी झुलली आणि दांड्यावर आपटली.

किर्र, पिशवीतून आवाज आला. आणि मग, रुमालातून, पुस्तकांच्या मधून, दबलेलं पण लांबलचक, टिंग.

ती हलली नाही. पाठीमागून सायकली जातच होत्या.

बोळाच्या आत, पार पुढे, कुणीतरी सुटकेचा श्वास टाकावा तशा हलक्या हातानं पत्र्यावर दोन थापा पडल्या.

फाळक्याखालचे पांढरे दिवे लागले. घरघरीचा सूर चढला. फूल तिच्या दिशेनं आलं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं. सायकलचं पुढचं चाक फाळक्याखाली गेलं, तारा एकेक करून तुटताना तिला ऐकू आल्या, हँडल फिरून तिच्या पोटात बसलं आणि तिचे पाय डांबरावरून मागे घसरू लागले. टाचेला पट्ट्याची कड लागली.

तिनं हात उचलला आणि फाळक्यावर पूर्ण ताकदीनं तळवा मारला. एकदा.

हात आपोआप पुन्हा वर गेला. भीती माणसाला बडवायलाच लावते. दार असो, छाती असो, बडव, बडव. हात हवेत होता, तिच्या डोळ्यांसमोर, आणि खाली यायला धडपडत होता. दुसरी थाप म्हणजे ये. तिनं दुसऱ्या हातानं ते मनगट धरलं आणि छातीशी आवळून धरलं.

ट्रक थांबला.

फाळका तिच्या कपाळापासून एवढा जवळ होता की तिला त्यावरची धूळ हुंगता आली. पाठीमागे अजून साखळ्यांची किरकिर होती. एक गेली. आणखी एक. मग जराशी फट पडली आणि एक सायकल आली, अगदी हळू, अगदी जवळून. तिच्या पाठीशी येताच कुणीतरी तोंडानं, कुजबुजत म्हणालं, "टिंग."

ती भिंगरी होती. तीही गेली.

भिंत आणि ट्रक यांच्या मधून कुणीतरी अंग घासत येत होतं. आधी हात आला, मग खांदा, मग दादा. त्याच्या सदऱ्याला चुना लागला होता, एक चप्पल मागेच राहिली होती. त्यानं आधी पट्ट्याकडे बघितलं, शाळेच्या दिशेनं, जिथे शेवटची सायकल लहान होत चालली होती. मग फाळक्याखाली अडकलेलं चाक बघितलं. मग तिला.

"घंटी झाली होती," तो म्हणाला. "छोटे, मी ऐकली. आपलीच होती. घंटी झाली होती."

तोंड कोरडं होतं, सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. तिनं वाकून पिशवीत हात घातला, पुस्तकं बाजूला केली आणि रुमालाची गाठोडी बाहेर काढली. त्याचा हात उघडला. घंटी त्याच्या तळव्यावर ठेवली.

दादा तिच्याकडे बघत राहिला.

"शेठ!" केबिनमधून ड्रायव्हर ओरडला. "आता एक थाप कशाची? घंटी तर झाली की! अजून आहे का कुणी मागे?"

दादाचे ओठ उघडले.

"आहे," तो म्हणाला. आणि मग मोठ्यानं, "बंद कर. इंजिन बंद कर आधी."

घरघर थांबली. त्या कोपऱ्यावर इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत, लांब बाजाराच्या वळणावरून, मौन सुटलेल्या मुलांच्या घंट्या ऐकू येऊ लागल्या. शिंपीणबाईंच्या मुलीची. धाकट्याची. मग एकामागून एक, चिवचिवत, मागे मागे सरकत.

दादानं मान तिरकी केली होती. डोळे मिटले होते आणि तो घंट्या मोजत होता. शेवटून दुसरी वाजली. ती विरून गेली. तरीही तो तसाच उभा राहिला, श्वास धरून, भिंगरीची घंटी मुठीत घट्ट आवळून, तिच्या आवाजाची वाट बघत.